साडेसातपर्यंतचे पंधरा तास

जालन्याकडून अंबडमार्गे येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो, ते गाव वडीगोद्री. उसाचा हंगाम लागला की अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीत माल किती भरायचा याला काही धरबंध नसतो, त्यामुळे टायरवाल्यांना या पट्ट्यात कामाची ददात नाही. टायर रिमोल्डिंग करणारे एक चाचा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे बसून मी टायर शिजताना पाहिला आहे. घासून खरवडलेल्या जुन्या टायरवर नवा पट्टा चिकटवायचा, वरून रबराचं एन्व्हलप चढवायचं, टायर लोखंडी चेंबरमध्ये टांगायचे, दार लावायचं, आणि शंभराच्या थोड्या वर तापमान आणि पाच-सहा किलोचा दाब देऊन तीन-चार तास वाट पाहायची. आत एक पंखा सतत फिरत असतो. तो थांबला तर गरम हवा वर साचते आणि खालचे टायर कच्चे राहतात.

एकदा चाचांनी एका पाइपाचा कॉक बंद केला आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या दांडीला गाठ मारून बांधला. मी विचारलं, "चाचा, हा रुमाल कशाला?"

"कॉक मी बंद केलाय, हे पोरांना कळायला नको का भाऊ? मी चहाला गेलो आन् मागं कुणी चेंबर चालू केलं तर? रुमाल दिसला की हात लावायचा नाही. सोडायचा तर मीच सोडायचा."

त्या रुमालामुळे मला ह्यूस्टनचा अपघात आठवला. टेक्सासमधल्या गुडइयर कंपनीच्या कृत्रिम रबराच्या कारखान्यात ११ जून २००८ रोजी तो घडला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने त्याचा तपास करून जानेवारी २०११ मध्ये अहवाल काढला. एका व्हॉल्व्हपासून सुरू झालेली ती गोष्ट इथे तासांच्या क्रमाने सांगतो. जून महिन्यात ह्यूस्टनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. दोन्ही घड्याळं मी मुद्दाम सोबत ठेवली आहेत, कारण त्या कारखान्यातल्यासारखे व्हॉल्व्ह आणि तिथल्यासारखे पाळीचे कामगार आपल्याकडेही आहेत. आमच्या भागातली किती तरी पोरं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातात. टायर बनवणारेही त्यांच्यात आहेत.

मंगळवार, १० जून २००८. ह्यूस्टनमध्ये दिवसपाळी

हा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. जपानने १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळपास तुटला. विमानांना आणि ट्रकना टायर तर हवेच होते. म्हणून अमेरिकी सरकारने स्वतःच्या पैशाने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. ह्यूस्टनचा कारखाना त्यांपैकीच. इथे स्टायरीन आणि ब्युटाडाइन या रसायनांपासून रबर तयार होई.

टायरचं रबर आगीजवळ जन्मतं असं आपल्याला वाटतं. चांगल्या प्रतीचं स्टायरीन-ब्युटाडाइन रबर मात्र थंडीत जन्मतं. त्याची साखळी जुळवण्याची प्रक्रिया साधारण ५ अंश सेल्सिअसच्या आसपास चालते, आणि धंद्यात त्याला 'कोल्ड रबर' असंच म्हणतात. म्हणून रसायनं आधी गार करावी लागतात. त्या उत्पादन ओळीवर यासाठी तीन हीट एक्स्चेंजर होते. हीट एक्स्चेंजर म्हणजे एक मोठं लोखंडी नळकांडं आणि त्याच्या पोटात नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून रसायन वाहतं आणि नळ्यांभोवती, नळकांड्याच्या पोटात, द्रवरूप अमोनिया असतो. तो रसायनाची उष्णता पिऊन उकळतो, वायू होतो, परत जातो, पुन्हा द्रव होऊन येतो.

वायू होणाऱ्या अमोनियाचा दाब वाढू नये म्हणून दोन वाटा ठेवलेल्या होत्या. पहिली रोजची: दाब ठरावीक मर्यादेवर गेला की आपोआप उघडणारा नियंत्रण व्हॉल्व्ह. दुसरी संकटातली: एक पातळ धातूची चकती आणि तिच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब फारच वाढला तर चकती फाटणार, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडणार आणि अमोनिया छताच्या वर निघून जाणार. आपल्या घरच्या कुकरची रचनाही अशीच असते. शिट्टी रोजची आणि झाकणावरचा सेफ्टी प्लग संकटातला.

त्या मंगळवारी एका एक्स्चेंजरची चकती फाटलेली होती आणि बदलायची होती. चकती उघडताना अमोनिया बाहेर येऊ नये म्हणून ऑपरेटरने एक्स्चेंजर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मधला व्हॉल्व्ह बंद केला. यात चूक काहीच नव्हती, काम असंच करायचं असतं. पण एका गोष्टीचा मला विसर पडत नाही. प्रेशर व्हेसलसाठी अमेरिकेत एएसएमई या संस्थेची संहिता पाळतात. ती सांगते की सेफ्टीची वाट बंद केली, तर ती उघडेपर्यंत तिथे एक जबाबदार माणूस उभा ठेवायचा. त्याने दाबावर सतत नजर ठेवायची, आणि दाब वाढला तर तो हाताने सोडण्याची सोय त्याच्याजवळ असली पाहिजे. बंद केलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची जागा तेवढा वेळ माणसाने घ्यायची.

दुपारी ४.३०. वडीगोद्रीत बुधवारची पहाट, ३ वाजलेले. उरले १५ तास

चकती बदलून झाली. नवी कोरी चकती आपल्या जागी घट्ट बसली. देखभालवाल्यांचं काम पूर्ण झालं.

मधला व्हॉल्व्ह मात्र उघडला गेला नाही.

नव्या चकतीपर्यंत आता दाब पोचणारच नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे दुरुस्त झालेली, व्यवस्थित यंत्रणा दिसली असती. फाटकी चकती निदान दिसते, तिच्यावर काम निघतं, कुणी तरी तिच्याकडे जातं. चांगल्या चकतीकडे कोण पाहणार? दुरुस्ती पूर्ण झाली म्हणूनच धोका झाकला गेला, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड सत्य वाटतं.

रात्रपाळी. उरले बारा, दहा, आठ तास

रात्रभर काहीच झालं नाही. नियंत्रण व्हॉल्व्हची रोजची वाट उघडी होती. कुकरचा प्लग बसून गेला असला तरी शिट्टी चालू होती, आणि एक वाट उघडी असेतो दुसरी बंद असल्याचं कुणाला कळत नाही. चकतीजवळचा व्हॉल्व्ह अजून बंदच आहे, ही गोष्ट एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे, देखभालीकडून उत्पादनाकडे पोचली नाही. तपासात पुढे यावरच बोट ठेवलं गेलं.

या शांत तासांत थोडं थांबून द्रवांच्या फिरण्याबद्दल सांगतो. पुढचं समजायला ते लागेल.

रबराच्या धंद्यात द्रव आणि वायू हमालासारखे राबतात. उष्णता इथून उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची, एवढंच त्यांचं काम. सुरुवातीला अमोनिया रबराची उष्णता बाहेर नेतो आणि शेवटी वाफ उष्णता आत आणते. टायरच्या कारखान्यात कच्चा टायर, ज्याला तिथले लोक ग्रीन टायर म्हणतात, क्युरिंग प्रेसमध्ये ठेवतात. त्याच्या पोटात ब्युटिल रबराचा फुगा असतो. हा ब्लॅडर. ब्लॅडरमध्ये वाफ सोडली की तो फुगतो आणि टायरला आतून साच्यावर दाबतो. साच्याच्या कातरकामावरून टायरची नक्षी उठते, आणि उष्णतेने गंधक रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. ही गाठ चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. १८९८ मध्ये ज्यांनी कंपनी काढली त्यांनी फक्त त्याचं नाव घेतलं, त्याचा कंपनीशी कसलाही संबंध नव्हता. कारचा टायर दहा-पंधरा मिनिटांत होतो, ट्रकच्या टायरला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

आता खरी मेख. वाफ उष्णता देते म्हणजे काय करते? पाणी होते. ते पाणी ब्लॅडरच्या तळाशी साचतं. वर ताजी वाफ आणि खाली निवलेलं पाणी, म्हणजे टायरची वरची बाजू भाजली जाते आणि खालची मागे राहते. तव्यावर एका बाजूने कच्ची राहिलेली भाकरी ताटात आली तर आपण बाजूला सारतो. टायरची कच्ची बाजू डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते महामार्गावर, भर उन्हात, उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली. म्हणून प्रेस बनवणारे अभियंते आतला द्रव एका जागी बसू देत नाहीत. एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. कुठे गरम पाणी मोठ्या दाबाखाली पंपाने फिरवतात, कुठे आधी वाफ आणि मग दाब टिकवायला नायट्रोजन सोडतात, कुठे फवाऱ्याचं तोंड अशा कोनात ठेवतात की आतला वायू भोवऱ्यासारखा फिरावा आणि साचलेलं पाणी ढवळलं जावं. चाचांच्या चेंबरमधला पंखा हेच काम साध्या हवेवर करतो.

फिरणारा द्रव गुणी असतो, अडवलेल्या द्रवाचं तसं नाही. १७० अंशांचं पाणी दाबाखाली आहे तोवर पाणी. दाब सुटला की त्यातलं काही क्षणार्धात वाफ होतं, आणि उघड्यावर वाफ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते. द्रव फिरायचा थांबला आणि उष्णता मात्र येत राहिली, तर कुठल्याही यंत्राचा घात होतो. रिमोल्डिंगचं चेंबर असो, क्युरिंग प्रेस असो की ह्यूस्टनचा एक्स्चेंजर.

बुधवार, ११ जून. सकाळी, साडेसातच्या आधी. वडीगोद्रीत संध्याकाळ होत आलेली

आपल्याकडे मृग लागून तीन-चार दिवस झाले होते. ह्यूस्टनमध्ये त्या सकाळी उत्पादन ओळीतल्या पाइपांची सफाई करायची होती. रसायनांच्या वाटेत रबराचा चिकटा बसतो, तो वाफेने काढतात. ऑपरेटरने त्यासाठी तयारी केली. नियंत्रण व्हॉल्व्ह आणि एक्स्चेंजर यांच्या मधला ब्लॉक व्हॉल्व्ह त्याने बंद केला.

रोजची वाटही आता मिटली.

काल एका माणसाने एका कामासाठी एक व्हॉल्व्ह बंद केला, आज दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी दुसरा. दोघेही आपापल्या कामापुरते बरोबर होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. आज बंद करणाऱ्याला कालचं ठाऊक असतं, तर त्याचा हात नक्की थबकला असता. अशा अपघातांच्या बातम्यांत 'मानवी चूक' हे दोन शब्द घाईने छापले जातात, तेव्हा मला राग येतो. या माणसाच्या हातून चूक व्हावी अशी पूर्ण व्यवस्था त्याच्याभोवती आदल्या दुपारपासून करून ठेवलेली होती.

मग वाफेची लाइन जोडली गेली आणि वाफ पाइपांतून निघाली. ती एक्स्चेंजरच्या नळ्यांमध्येही शिरली.

नळ्यांच्या आत वाफ आणि नळ्यांच्या बाहेर अमोनिया. थंडी देणारा आणि उष्णता देणारा, दोघे हमाल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि अमोनियाला जायला वाट नव्हती.

शेवटची मिनिटं

इथून पुढे माणसांचं काही चालत नाही. पुढचं अमोनियाच्या स्वभावात लिहिलेलं आहे. उघड्यावर तो उणे ३३ अंशांनाच उकळतो. बंद भांड्यात तो द्रव राहतो तो केवळ स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली, आणि तो दाब उष्णतेबरोबर चढतो. २५ अंशांना हवेच्या साधारण दहापट. ५० अंशांना वीसपट. ७० अंशांना तेहतीसपट. १०० अंशांना साठीच्या पुढे. साध्या, कमीत कमी दाबाच्या वाफेचं तापमानही शंभर असतं.

हे आकडे रसायनशास्त्राच्या कुठल्याही कोष्टकात मिळतात, कुठलाही इंजिनिअर ते सांगेल. त्या क्षणी त्या एक्स्चेंजरशेजारी मात्र दाब पाहणारं आणि तो हाताने सोडू शकणारं कुणी उभं नव्हतं. संहितेत सांगितलेली ती माणसाची जागा आदल्या दुपारपासून रिकामी होती.

नवी चकती जागेवरच होती. दाब तिच्यापर्यंत पोचला असता तर ती फाटली असती. त्यासाठीच तर ती बसवली होती.

सकाळी ७.३०. वडीगोद्रीत संध्याकाळचे ६

एक्स्चेंजर फुटला. लोखंडाचे तुकडे चहूकडे उडाले. त्या भागातून चालत जाणाऱ्या एका कर्मचारी महिलेला ते लागले आणि ती मरण पावली. फाटलेल्या नळकांड्यातून अमोनिया सुटला, जवळच्या पाच कामगारांना त्याने गाठलं. बाहेर पळताना आणखी एक कामगार जखमी झाला.

अमोनियाचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो तो विसरत नाही. डोळे, नाक, घसा, जिथे ओल आहे तिथे तो चिकटतो आणि जाळतो. म्हणूनच त्याच्यावर पाण्याचे फवारे मारतात, आणि कारखान्यातले फवारे सुरूही झाले. पण तो वायू आणि ते फवारे यांच्यामुळे धोक्याच्या घंटेच्या पेट्यांपर्यंत पोचणंच अवघड झालं. मग वॉकीटॉकीवरून आणि एकमेकांना ओरडून सांगत बातमी पसरली.

त्यानंतरचे तास

माणसं ठरलेल्या जागी जमू लागली. काहींना कुठे जमायचं याचं पुरेसं शिक्षण दिलेलं नव्हतं. कारखान्याच्या नियमाप्रमाणे वर्षातून किमान चार वेळा सगळ्यांना बाहेर काढण्याचा सराव व्हायला हवा होता. कामगारांनी तपास करणाऱ्यांना सांगितलं की आधीच्या चार वर्षांत असा सराव झालाच नव्हता.

कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे ओळखपत्रांच्या यंत्रणेवरून लगेच कळायला हवं होतं, पण ती ऐनवेळी बिघडली. पर्यवेक्षकांना आपापल्या भागातल्या माणसांची यादी वेळेवर मिळेना. मग हाताने याद्या लिहायला घेतल्या. जो येऊन उभा राहील त्याचं नाव लिहायचं. अशा यादीचा दोष वर्गात हजेरी घेणारी कुठलीही बाई सांगेल. आलेल्यांची नावं लिहून कोण आलं नाही ते कळत नाही. त्यासाठी आधी पट लागतो, सगळ्यांच्या नावांचा, आणि मग एकेक नाव पुकारावं लागतं.

ती महिला कारखान्याच्या आपत्कालीन पथकात होती. संकट आलं की पथकातली माणसं जमण्याच्या जागी थांबत नाहीत, कामाला धावतात. त्यामुळे ती दिसली नाही तेव्हा सहकाऱ्यांना काळजी वाटली नाही. ती कुठे तरी मदतीलाच गेली असणार असं सगळ्यांनी धरलं. पुढे हाताने लिहिलेल्या याद्या संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या आणि सगळे कर्मचारी सापडले असा चुकीचा निष्कर्ष निघाला. वर तसं कळवलंही गेलं. अमोनिया ओसरला, आपत्कालीन काम संपलं.

म्हणजे एकाच दिवशी दोनदा तेच झालं. सकाळी एक बंद व्हॉल्व्ह उघडा धरला गेला, आणि नंतर एक हरवलेली बाई हजर.

दुपारी १.२०. वडीगोद्रीत रात्रीचे ११.५०

स्फोटाला जवळजवळ सहा तास झाले होते. नुकसान किती झालं ते पाहायला त्या भागाचे एक पर्यवेक्षक आत गेले. उजेड कमी होता. ढिगाऱ्याखाली त्यांना ती सापडली.